दुपट्टा कामठीला गेला

ऑक्टोबरात नागपूरकराला 'थंडी पडली का' असं विचारू नये. विचारणारा बाहेरगावचा आहे, एवढंच त्यातून कळतं.

*

साडीतले दोष तीन जातीचे. तुटलेला धागा, सुटलेला धागा, आणि 'माझ्या पाळीत नव्हता' असा धागा.

*

लोखंडी कपाटावर, डावीकडून: बंद पडलेला टेबलफॅन. मागच्या दिवाळीचा आकाशकंदील, घडी करून. काळा डबा. डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी: 'हलवू नये. पुसू नये. वर काही ठेवू नये.' चिठ्ठीवर ठेवलेला चहाचा कप.

*

"कामठी?"

"बसा."

"कवा निघते?"

"शेअर ऑटो हाय. भरली का निघते."

*

धान निसवला, लोंब्या बाहेर आल्या, की त्याला पाणी लागतं. त्याच आठवड्यात लागतं. नंतर नदी आणून दिली तरी उपयोग नाही.

*

नियम एक. ज्याच्या गळ्यात दुपट्टा, तोच चढवेल. नियम दोन नाही.

*

शुक्रवारी दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी रुपरावजींचा फोन आला. तोवर या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता.

दुपट्टा: कुठे आहे, हे कोणी पाहिलेलं नाही

"बाई, तुमची यादी उलटी हाय."

"उलटी म्हणजे कशी, रुपरावजी?"

"उलटी म्हणजे उलटी. डोकं खाली, पाय वर. माझं वावर नहराच्या शेपटाले. मले पहिली पाळी पाहिजे, तर तुम्ही मले शेवटी टाकलं. अन् नहराच्या तोंडाशी जो हाय, ज्याच्या बांधातून पाणी आपोआप झिरपते, त्याले पहिली. हे कोणत्या कॉलेजात शिकले तुम्ही?"

रुपरावजी पारशिवनीकडच्या एका पाणीवापर संस्थेचे सचिव. नहराला, म्हणजे कालव्याला, पाणी सुटलं की कोणाच्या शेताला कधी, ही यादी पूर्वी ते वहीत करत आणि मग आठवडाभर भांडणं मिटवत फिरत. आता यादी शामलाच्या कपाटावरच्या काळ्या डब्यातून, म्हणजे कॉम्प्युटरातून, निघायची. दुपारी दोनला कच्ची यादी रुपरावजींच्या फोनवर, पाच वाजता पक्की यादी दोनशे बारा शेतकऱ्यांना, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कवडू नावाचा माणूस त्या यादीप्रमाणे नहराची दारं उघडत जायचा. शेपटाकडच्याला आधी आणि तोंडाकडच्याला शेवटी, ही तिकडची रीत. तोंडाकडच्याला आधी दिलं तर शेपटापर्यंत पाणी पोचतच नाही.

"पाचच्या आत सरळ करून देते, भाऊ," शामला म्हणाली.

"पाचच्या आत म्हणजे पाचच्या आत हो. कवडूच्या फोनवर यादी नसली तर तो दाराले हात लावत नाही. मागच्या साली मीच त्याले तशी शपथ घातली. आता माझी शपथ माझ्याच उरावर."

फोन ठेवून शामलाने मान वळवली. समोरच्या टेबलावर मिनलचा चेहरा पांढरा पडला होता. सकाळी अकराला नवी आवृत्ती मिनलनेच चढवली होती. पान लवकर उघडावं म्हणून तिने क्रम लावायची रीत बदलली. एक, दोन, तीन, चार, तोंडापासून शेपटापर्यंत. दिसायला किती छान दिसत होतं! चढवण्याआधी शामलाने ते पाहिलं होतं आणि 'मस्त' असं म्हणून वर बिस्किटही दिलं होतं.

"ताई, माझी चूक."

"तुझी अर्धी. बिस्किट माझं होतं. किती वेळ लागते सरळ कराले?"

"एक ओळ आहे."

"कर मंग. रडाचं नंतर."

दुपट्टा: (थोडं मागे जाऊन)

नागपूरच्या सदरमध्ये एका चष्म्याच्या दुकानावर, जिना चढून डाव्या हाताला, चार माणसांचं हे ऑफिस. मालक कृष्णकांत सर, पॉलिटेक्निकमध्ये शिकवून निवृत्त झालेले. घरी बसवेना म्हणून त्यांनी हे काढलं. लहान लहान संस्थांसाठी प्रोग्रॅम करून द्यायचे: पाणीवापर संस्था, कामठीची विणकर सोसायटी, दोन-तीन वाचनालयं, असे एकूण अकरा जण. मिनल आणि साहिल प्रोग्रॅम लिहायचे. शामला ते चालते ठेवायची.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत हे सगळं बंगळुरूच्या एका कंपनीच्या मशीनवर होतं. मशीन कुठल्या इमारतीत आहे, काळं आहे की गोरं, कोणाला माहीत नव्हतं. एकदा ते बंद पडलं. शामला दोन दिवस तक्रार लिहीत बसली, आणि प्रत्येक तक्रारीला उत्तर म्हणून एक नंबर येत राहिला. माणूस आलाच नाही. तिचे वडील प्रेमानंद कामठीत मागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त ठेवणारे, होते. आठ मागांमधला एक जरी अडखळला तरी पाठमोरे असताना त्यांना कळायचं, आणि हात लावला की माग पुन्हा सुरू. त्यांच्या पोरीला हाताची घडी घालून बसणं कसं जमावं? तिसऱ्या दिवशी तिने काळा डबा आणला.

डब्यात तिने एक फुकट मिळणारं साधन बसवलं. त्याचं एकच पान. त्यावर अकरा संस्थांची नावं आणि प्रत्येकापुढे एक ठिपका. हिरवा म्हणजे चालू, लाल म्हणजे पडलं, पिवळा म्हणजे नवी आवृत्ती चढते आहे. चढवायचं बटण, थांबवायचं बटण, आणि रोज पहाटे सगळ्या माहितीची प्रत काढून ठेवायची सोय. साधनाचं मूळ नाव इंग्रजी आणि जीभ वळेल असं नव्हतं. शामलाने त्याला जॉबर म्हणायला सुरुवात केली आणि ऑफिसात तेच रुळलं.

डबा भला होता, पण लहान होता. एका वेळी एकच स्वयंपाक होईल एवढीच त्याची चूल. जानेवारीत साहिलने आणि मिनलने एकमेकांना न सांगता एकाच वेळी दोन आवृत्त्या चढवल्या, आणि डबा असा गुदमरला की पाच तास अकराच्या अकरा ठिपके लाल. एकावर एक दोन चढू नयेत म्हणून जॉबरमध्ये कुलूप होतं. पण ते काढायलाही एकच बटण होतं, आणि घाईत माणूस बटण आधी दाबतो, विचार मागून करतो. तेव्हा शामलाने आपला पिवळा, लाल ठिपक्यांचा उन्हाळी दुपट्टा खुंटीला टांगला आणि खडूने भिंतीवर तो एकमेव नियम लिहिला. दुपट्टा खुंटीवरून घ्यायचा, गळ्यात घालायचा, मग चढवायचं. दुसऱ्याला हवा असेल तर हातातून हातात द्यायचा. सगळ्यांना दिसतं, कोणाला विचारावं लागत नाही. तेव्हापासून नऊ महिन्यांत एकदाही डबा गुदमरला नव्हता.

तरी कृष्णकांत सरांचा जीव टांगणीला असायचा. कपाटावरच्या डब्यावर अकरा संस्था चालतात, हे ते बायकोलाही सांगत नसत. येत्या सोमवारी बंगळुरूचा माणूस पुन्हा बोलावला होता. शामलाला त्यांनी सरळ सांगितलं होतं, "ही धानाची शेवटची पाळी नीट गेली, तर डबा राहील. काही गडबड झाली, तर सोमवारी सगळं तिकडे. मग त्यावर वाद नाही."

शामलाने 'बरं' म्हटलं होतं. घरी गेल्यावर मात्र तिला जेवण गेलं नव्हतं.

दुपट्टा: खुंटीवर नाही

"झालं, ताई," मिनल म्हणाली. "तपासलं. रुपरावजी पहिले, शेपटापासून वर. आता चढवायचं फक्त."

शामला उठली, खुंटीपाशी गेली. खुंटी रिकामी. मिनलचा गळा रिकामा. आपला स्वतःचा गळाही तिने चाचपून पाहिला; तिथे नुसती रोजची ओढणी.

"दुपट्टा कोणाजवळ?"

"साहिलजवळ. सकाळी माझं झालं तसा मी त्याच्या हाती दिला. विणकर सोसायटीचं नवीन पान चढवायचं होतं त्याला."

"अन् साहिल कुठं हाय?"

उत्तर दोघींना एकदमच सुचलं. साहिल बाराला कामठीला गेला होता. सोसायटीत साड्यांचे दोष तपासणाऱ्या सिंधूताईंना नवीन पान समोर बसून दाखवायचं, त्या सांगतील तसं बदलायचं, आणि तिथूनच चढवायचं, असं ठरलेलं. आणि बाहेर ऑक्टोबरचं ऊन. साहिलने जाताना काय केलं असेल? नागपूरच्या कोणत्याही शहाण्या पोराने केलं असतं तेच. दुपट्टा डोक्याला गुंडाळला, डोळे तेवढे उघडे ठेवले, आणि तो शेअर ऑटोत जाऊन बसला.

"दुपट्टा कामठीले गेला," शामला म्हणाली.

आतल्या खोलीतून कृष्णकांत सर बाहेर आले. रुपरावजींनी त्यांनाही फोन केला होता, हे त्यांच्या चष्म्यावरूनच कळत होतं; काळजीत ते चष्मा कपाळावर चढवत. "काय चाललंय? चढवलं का?"

"नाही, सर."

"काहून? वाट कोणाची पाहून राहिली?"

"दुपट्ट्याची."

कृष्णकांत सर आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की ही थट्टा नाही, आणि हसू अर्ध्यावर राहिलं. "शामला, दोनशे बारा माणसं अन् एक फडकं. तू जोखून पाहा एकदा."

"फडक्याचं नाही, सर. तो तिथून काय करून राहिला ते मले माहीत नाही. मी इकडून चढवलं अन् त्यानं तिकडून, तर डबा गुदमरते. मंग सरळी यादीही नाही अन् उलटीही नाही."

"तर फोन लाव त्याला!"

"सात वेळा लावला."

दुपट्टा: कामठी

जॉबरच्या पानावर विणकर सोसायटीपुढचा ठिपका पिवळा झाला. तीन वीस. साहिल चढवत होता.

तिघंही पडद्यासमोर उभे राहिले. पिवळा. पिवळा. पिवळा. तीन छत्तीसला ठिपका लाल झाला.

"पडलं त्याचं," मिनल म्हणाली. "नेट तुटलं असेल."

आता मोकळं झालं असं वाटून शामलाने माउसवर हात ठेवला, तोच तीन सदतीसला ठिपका पुन्हा पिवळा. साहिल हार मानणाऱ्यांतला नव्हता. ऑफिसात त्याची हीच तारीफ होती.

तीन त्रेपन्नला लाल. तीन चोपन्नला पिवळा.

"बावळट बे," मिनल पुटपुटली. "एकदा तरी पाणी प्यायला उठ ना."

शामलाला तिथलं चित्र दिसत होतं. सोसायटीच्या शेडमध्ये वीस माग चालू. शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. रेंज फक्त एका खिडकीत, म्हणून साहिलने फोन खिडकीत ठेवला असणार आणि त्याच्या नेटवर लॅपटॉप चालवत शेडच्या दुसऱ्या टोकाला सिंधूताईंच्या टेबलाशी बसला असणार. फोन खिडकीत वाजतोय, खिडकी मागांसमोर आणि माग आपल्या नादात.

"त्याचं नाव उडव जॉबरमधून," कृष्णकांत सर म्हणाले. "त्याला आत येताच येणार नाही. दोन मिनिटांचं काम."

"ज्याच्या गळ्यात दुपट्टा, त्याचंच नाव उडवाचं?"

"मग काय झालं?"

"मंग उद्या माझ्या गळ्यात असन, अन् घाई दुसऱ्या कोणाले असन. तो माझं उडवन. मंग दुपट्टा नुसता ऊन लागू नये म्हणून उरला."

कृष्णकांत सरांनी घड्याळाकडे पाहिलं. चारला दोन मिनिटं कमी. "हेच मी म्हणतो. हेच! बंगळुरूले असतं तर असा गावठी कारभार नसता."

"बंगळुरूले असतं तरी यादी उलटीच असती, सर. ती उलटी आम्ही इथं केली."

सर आत गेले, आणि पुन्हा बाहेर आले. आत करण्यासारखं तरी काय होतं?

चार दहाला लाल. चार अकराला पिवळा.

शामलाने कागदावर मांडून पाहिलं. पाण्याची यादी चढायला सतरा मिनिटं. त्यानंतर रुपरावजींनी तपासायची, दहा मिनिटं धरा. म्हणजे साडेचारच्या आत बटण दाबलं गेलं पाहिजे. साहिलचा प्रत्येक प्रयत्न सोळा मिनिटांचा, आणि मध्ये फट एका मिनिटाची. एका मिनिटात सतरा मिनिटं बसत नाहीत. थांबवायचं बटण दाबलं, तरी तो नेट तुटलं समजून पुन्हा सुरू करणार. त्याला फटीत गाठायचं, आणि गाठून बोलायला लावायचं. पण कसं?

वडील काय करायचे? माग वेडावाकडा चालायला लागला की ते आधी धाग्याला हात लावत नसत. पट्टा सोडवत. पट्टा सुटला की माग थांबतो, आणि मग विणणारा आपण होऊन ओरडतो, 'जॉबर, काय झालं गा?'

तिने स्टूल ओढलं, कपाटापाशी ठेवलं आणि त्यावर चढली. डब्यावरचा चहाचा कप आधी मिनलच्या हाती दिला.

"काय करून राहिली तू?" कृष्णकांत सरांचा आवाज चढला.

"थांबा, सर. मिनल, लाल झाला की सांग."

डब्याच्या पाठीमागे दोन वायरी होत्या. जाडी विजेची, पातळ निळी, बाहेरच्या जगाची. शामलाने निळीच्या टोकाला चिमटीत धरलं आणि तशीच उभी राहिली. स्टुलाचा एक पाय आखूड होता. चष्म्याच्या दुकानात कोणाला तरी अक्षरं वाचायला लावत होते ते जिन्यातून ऐकू येत होतं.

"अजून पिवळा," मिनल. "पिवळा. पिवळा. ताई, चार सव्वीस. अजून... चार सत्तावीस. लाल! लाल झाला!"

शामलाने निळी वायर ओढून काढली.

दुपट्टा: कामठी, पण आता फोनजवळ

अकरा संस्थांची पानं एकदम दिसेनाशी झाली. डबा मात्र आत आपला चालूच होता, त्याचा छोटा दिवा लुकलुकत होता. कृष्णकांत सर खुर्चीत बसले. उभ्याने पाहण्यासारखं ते नव्हतं.

एक मिनिट. दीड मिनिट.

शामलाचा फोन वाजला.

"ताई, डबा गेला! सगळं गेलं!" साहिल ओरडत होता. मागे वीस माग खटखटत होते. "मी काही नाही केलं, आईशप्पथ! नेट गेलं वाटून मी खिडकीत आलो, तर तुमचे अठरा मिस कॉल!"

"डबा नाही गेला. मी वायर काढली."

"वायर? काहून?"

"तुनं फोन घ्यावा म्हणून."

 शामलाने चार वाक्यांत सगळं सांगितलं: यादी, रुपरावजी, पाच वाजता, दुपट्टा.

"अरे देवा. ताई, डोक्यालेच हाय माझ्या. लक्षातच नाही आलं. आता मी काही चढवत नाही, तुम्ही चढवा."

 शामलाची नजर भिंतीवरच्या खडूच्या अक्षरांवर होती. साहिललाही ती ओळ तिकडे दिसली असावी, कारण तोच म्हणाला, "हातातून हातात द्यायचा ना? पण इथं देऊ कोणाले?"

"सिंधूताई हायेत?"

फोनमध्ये खुडबुड झाली आणि एक भरदार आवाज आला. "जयभीम, बाई. काय झालं? पोरगं घाबरलं एकदम. मी त्याले काही बोलली नाही हो. बटण लहान हाय एवढंच सांगतलं."

"जयभीम, सिंधूताई. तो दुपट्टा तेवढा त्याच्याकडून तुमच्या हाती घ्या. अन् पाच वाजेपर्यंत त्याले देऊ नका."

"घेतला. घामानं ओला हाय पुरा. पाचपर्यंतच न? माझ्या मांडीवर ठेवतो. हात लावला तर चापट देतो त्याले."

खुर्चीतून कृष्णकांत सरांना राहवेना. "आता नियमाप्रमाणे सिंधूताईंनीच चढवाले पाहिजे," ते म्हणाले. टोमणाच होता. पण फोन स्पीकरवर होता आणि सिंधूताईंना तो ऐकू गेला.

"मी कशाले चढवू? मले आपल्या साड्या पुरे. ज्याचं काम त्यानं करावं. चढव वं बाई, दुपट्टा माझ्याजवळ हाय, मी सांगतो न."

शामलाने निळी वायर परत बसवली. कट्ट असा आवाज झाला. मिनलने पडद्याकडे पाहिलं: हिरवा, हिरवा, हिरवा, एक लाल, मग तोही हिरवा. विणकर सोसायटीचं जुनं पान होतं तसं परत उभं राहिलं. शामला स्टुलावरून उतरली, हात ओढणीला पुसले आणि बटण दाबलं. चार एकतीस.

दुपट्टा: सिंधूताईंच्या मांडीवर

त्या सतरा मिनिटांत तिघांनी मिळून शेंगदाण्याचा एक पुडा संपवला. पिवळा ठिपका पाहत शेंगदाणे खाताना माणसाला चव कळत नाही, पण हात थांबत नाही.

चार अठ्ठेचाळीसला ठिपका हिरवा झाला. कच्ची यादी रुपरावजींकडे गेली.

चार बावन्न. काही नाही.

चार पंचावन्नला फोन.

"पाहून राहिलो, पाहून राहिलो. घाई नका करू. चष्मा घरी राह्यला, तर नातीकडून वाचून घेऊन राहिलो. रुपराव पहिला. मंग लहानू. मंग तो आमचा भांडकुदळ. हा, बराबर. शेवटी तोंडाकडचे. आता शेपूट शेपटाच्या जागी हाय, बाई. पाठवा."

"ती आपोआप जाते, भाऊ."

"आपोआप जाते, तर सकाळपासून तुम्ही काय करून राहिले होते?"

पाच वाजता दोनशे बारा निरोप गेले. दोनशे तेरावा कवडूचा. त्याच्या नावापुढे 'पोचला' अशी खूण उमटली. शामलाला एकदम भूक लागली. दुपारचा डबा तिने उघडलाच नव्हता. आता उघडला. भेंडीची भाजी थंड झाली होती, पण तिने शेवटच्या घासापर्यंत पुसून खाल्ली.

कृष्णकांत सर कपाटापाशी जाऊन उभे होते. टाचा उंचावून डब्याच्या मागे पाहत होते. दोन वर्षांत त्यांनी तो इतक्या जवळून पाहिला नव्हता.

"ही निळी?" त्यांनी विचारलं.

"हो, सर."

"बंगळुरूचं मशीन असतं, तर तू काय ओढलं असतं?"

"काही नाही. तक्रार लिहिली असती."

सरांनी टाचा खाली टेकवल्या. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि बाहेर जिन्यात गेले. परत आले तेव्हा चष्मा नाकावर होता. "सोमवारच्या माणसाले नाही म्हणून सांगतलं," ते म्हणाले. "पण ऐक. चार मिनिटं अकरा जणांची पानं बंद राहिली. त्या सगळ्यांना तू स्वतः फोन करून सांगशील, का बंद होती ते. अन् हा नियम अर्धा आहे." टेबलावरचा खडू उचलून ते भिंतीपाशी गेले आणि पॉलिटेक्निकमध्ये फळ्यावर लिहीत तशा सुवाच्य अक्षरांत त्यांनी खाली भर घातली:

नियम दोन. दुपट्टा जिन्याखाली उतरणार नाही.

"अन् उन्हाचं काय, सर?" मिनलने विचारलं.

"उन्हासाठी आपापला आणा. मी सगळ्यांना एकेक घेऊन देतो. पण तो पिवळा नको."

शामलाने लगेच फोन करायला घेतले. अकरापैकी नऊ जणांना पान बंद पडल्याचा पत्ताच नव्हता. एका वाचनालयाच्या शोभाताईंना मात्र होता. त्या म्हणाल्या, "मले वाटलं आमचंच नेट गेलं, म्हणून मी उठून झाडू मारून घेतला. बरं झालं, कवापासून राह्यला होता."

साहिल सात वाजता आला, उन्हाने लालबुंद, डोकं उघडं.

"दुपट्टा?" तिघांनी एकदम विचारलं.

"सिंधूताईनं नाही दिला. पाचनंतरही नाही दिला! म्हणते, असा घामेजलेला परत पाठवीन का, धुऊन देतो, सोमवारी ये." तो खुर्चीत धपकन बसला. "पण त्यायले पान आवडलं बरं. एक बटण मोठं करून पाहिजे फक्त."

म्हणजे सोमवारपर्यंत कोणालाच काही चढवता येणार नव्हतं. हे चौघांच्या हळूहळू लक्षात आलं. शनिवारी मिनलला दोन बारीक दुरुस्त्या चढवायच्या होत्या, साहिलला बटण मोठं करायचं होतं. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणी नवा दुपट्टा शोधायला उठलं नाही.

"मंग उद्या सुट्टी," कृष्णकांत सर म्हणाले, आणि स्वतःच्याच बोलण्याचं त्यांना नवल वाटलं.

शामलाने जॉबरचं पान मिटण्याआधी एकदा पाहिलं. अकराही हिरवे. तिने दिवे मालवले, पंखा बंद केला, आणि कपाटावरच्या डब्याला, चिठ्ठीत लिहिलेलं असतानाही, ओढणीच्या टोकाने एकदा पुसून घेतलं.

सकाळी कवडूने त्याच यादीप्रमाणे दारं उघडली; शामला मात्र तो नहर पाहायला पहिल्यांदा गेली ती पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात. तेव्हा तो दुरुस्तीसाठी कोरडा होता.